शके १५०६ चा रिव्हिजन ब्लॉक : आळंदीच्या पोथीपासून चाकणच्या सर्किट बोर्डापर्यंत

पैठण, गोदावरीचा काठ, शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४. भाद्रपदातील कपिलाषष्ठीच्या दिवशी एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध केलेली प्रत पूर्ण केली आणि ग्रंथाच्या शेवटी स्वतःच्या मोजक्या ओव्या जोडल्या. काम केव्हा झाले, कोणी केले, कोठे झाले, का करावे लागले आणि यापुढे कोणी काय करू नये, एवढेच त्या ओव्यांत आहे.

आज चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे ड्रॉइंग पाहिले, तर त्याच्या कडेला एक छोटा तक्ता दिसतो. बदलाचे अक्षर, तारीख, बदलाचे वर्णन, मंजुरी देणाऱ्याची सही. त्याला रिव्हिजन ब्लॉक म्हणतात. एकनाथांच्या ओव्या आणि हा तक्ता यांत चार शतकांहून अधिक अंतर आहे, पण दोहोंचे काम एकच आहे. एका गोष्टीच्या अनेक प्रती अनेकांच्या हातांत असताना खरी कोणती मानायची, हे ठरवण्याचे ते साधन आहे. हा थ्रेड त्या साधनाच्या इतिहासाचा आहे आणि थोडा लांब आहे.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवासे येथे, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. तिची पहिली नोंदही ग्रंथातच आहे. वर्ष, टीकाकाराचे नाव आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव तीत येते. सहा वर्षांनी, १२९६ साली, ज्ञानदेवांनी आळंदीस इंद्रायणीकाठी समाधी घेतली. तेथून एकनाथांच्या प्रतीपर्यंतच्या काळात ग्रंथ पसरण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे हाताने नक्कल करणे.

नकलणारा कधी दमलेला असे, कधी घाईत, तर कधी फाजील हुशार. पहिल्या दोघांच्या चुका सहसा ओळखता येतात, कारण तेथे अर्थ अडखळतो. तिसऱ्याची चूक सापडणे कठीण. न कळलेला जुना शब्द काढून तो आपल्या काळातील सोपा शब्द बसवतो आणि ओवी पूर्वीपेक्षा सुरळीत वाचली जाऊ लागते. कोणी समासात टिपण म्हणून लिहिलेली ओळ पुढच्या नकलेत थेट मजकुरात शिरते. तीन शतकांत हे किती वेळा घडले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

परंपरेतील कथा अशी की ज्ञानदेवांनी एकनाथांना स्वप्नात सांगितले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. एकनाथ आळंदीस आले, समाधिस्थान शोधले, मुळी दूर केली, आणि मग ज्ञानेश्वरीच्या शुद्धीचे काम हाती घेतले. कथेच्या चमत्काराविषयी ज्याने त्याने आपले मत ठेवावे. इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मूळ स्थानावर वाढलेले बाजूला करणे आणि नंतर मूळ ग्रंथावर वाढलेले बाजूला करणे, ही दोन्ही कामे परंपरेने एकाच व्यक्तीच्या नावावर, एकामागोमाग एक लावली आहेत.

एकनाथांनी दिलेले कारण नेमके आहे. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरांमुळे त्यात शुद्ध आणि अशुद्ध मिसळले, म्हणून तो शोधून प्रत सिद्ध केली, असे ते सांगतात. येथे पाठांतर म्हणजे तोंडपाठ करणे असा आजचा अर्थ घेऊ नये. पाठांतर म्हणजे पाठभेद, एका प्रतीतील शब्द दुसऱ्या प्रतीत वेगळा असणे. त्यापुढे येतो इशारा. या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. कारखान्यात मंजूर ड्रॉइंगच्या प्रतीवर ‘परवानगीशिवाय बदल करू नये’ असा शिक्का मारतात, त्याहून ही भाषा कितीतरी रसाळ आहे.

तरीही या नोंदीत एक उणीव आहे आणि ती सांगितली पाहिजे. एकनाथांसमोर किती प्रती होत्या, त्या कोठून आल्या, कोणते शब्द त्यांनी नाकारले, हे त्या ओव्यांत नाही. बदल झाल्याची तारीख आहे, बदलांची यादी नाही. सोळाव्या शतकातील भाविक संपादकाकडून तशी यादी मागणे अन्यायाचे ठरेल. परंतु तिच्या अभावाची किंमत पुढच्या अभ्यासकांना मोजावी लागली. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. छपाईमुळे निदान एका आवृत्तीच्या सर्व प्रती सारख्या झाल्या. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी मराठवाड्यात मिळालेल्या एका पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ही प्रत एकनाथांच्या आधीची आहे, असा त्यांचा दावा होता. मग वाद पेटला. एकनाथांनी नेमके काय बदलले, हे त्यांच्याच नोंदीवरून सांगता आले असते, तर तो वाद निम्म्यावर आला असता.

ही उणीव भरून काढणारी पद्धत पुण्यातच, आळंदीपासून २०-२५ किलोमीटरवर, उभी राहिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. १२५९ हस्तलिखिते जमवली गेली. ती अनेक लिप्यांतील होती, म्हणून पडताळणी पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चाले. अशा वेळी तीन ठिकाणच्या माणसांनी तीन तऱ्हांनी नोंदी केल्या असत्या, तर सगळेच वाया गेले असते. त्यावर उपाय म्हणून खास आखलेले कागद होते. वरच्या ओळीत प्रमाण मानलेला श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि खाली प्रत्येक पोथीचा भेद त्याच चौकटीखाली. कोणत्या पोथीत कोणत्या अक्षराला काय आहे, हे नजर खाली सरकवली की कळे.

१९६६ साली संहितेचे काम पूर्ण झाले. छापील पानावर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली नाकारलेले पाठ, पोथीच्या खुणेसह. एकनाथांनी प्रत ‘सिद्ध’ केली, भांडारकर संस्थेने प्रतीसोबत तिचा सगळा हिशेबही दिला. उपकरणे बनवणाऱ्या जगाला पुढे या दोन्ही गोष्टी एकदम लागल्या.

आता इंद्रायणीकाठी परत यावे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. १९६६ साली टेल्कोचा पुण्याचा कारखाना पिंपरी-चिंचवड भागात आला. भोसरी, आकुर्डी, मग तळवडे, आळंदीच्या पलीकडचा मरकळ रस्ता आणि अखेर चाकण, असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. (इतिहासप्रेमींना चाकण म्हटले की १६६० चा संग्रामदुर्ग आणि शायिस्ताखानाला सुमारे दोन महिने झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा आठवतो. आज त्याच गावाच्या नावाने वाहनांच्या ऑर्डरी निघतात.) वाहन आधी लोखंडाचे होते. हळूहळू त्यात तारा आणि सर्किट बोर्ड शिरले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली, तेव्हा साध्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि इंधन किती सोडायचे हे ठरवणारा छोटा संगणक त्याच्या जागी आला. गाडीचे इंजिन आता एका बोर्डावर अवलंबून आहे.

असा बोर्ड म्हणजे एक वस्तू दिसते, पण तिच्यामागे कागदांची एक पालखीच चालत असते. सर्किट कसे जोडले आहे ते दाखवणारी आकृती. तांब्याच्या प्रत्येक थराचा नकाशा. भोके कोठे पाडायची त्याची फाइल. सुट्या भागांची यादी, जिला कारखान्यात सरसकट ‘बॉम’ म्हणतात. भाग कोठे व कोणत्या दिशेने बसवायचे याचे ड्रॉइंग. बाहेरच्या डब्याचे ड्रॉइंग. तारांच्या जुडग्याचे, म्हणजे हार्नेसचे ड्रॉइंग. आत भरायचा प्रोग्रॅम, आणि शेवटी तपासणी कशी करायची त्याची कृती. हे सर्व एकाच व्यक्तीने केलेले नसते. इलेक्ट्रॉनिक्सवाला एका सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, डबा करणारा दुसऱ्यात, खरेदी विभाग तिसऱ्यात.

समजा एक रेझिस्टर बाजारात मिळेनासा झाला आणि त्याजागी थोडा मोठा भाग घेतला. बदल क्षुल्लक आहे. पण तो आकृतीत झाला पाहिजे, थराच्या नकाशात झाला पाहिजे, बॉममध्ये झाला पाहिजे, बसवण्याच्या ड्रॉइंगमध्ये झाला पाहिजे, आणि भाग उंच असेल तर डब्याच्या झाकणातही. यांपैकी एक जागा राहिली, की पाठभेद तयार झाला. फरक इतकाच की पोथीतील पाठभेद सापडायला शतके लागली तरी पोथी वाचता येते. बोर्डातील पाठभेद हजार नग तयार झाल्यावर सापडतो आणि ते हजार नग भंगारात जातात. भंगाराचे बिल बहुधा साखळीतील सर्वांत लहान कारखान्याच्या नावे फाटते, कारण जुनी प्रत त्याच्याच टेबलावर सापडते. ती जुनी आहे हे त्याला कोणी कळवले होते का, हा प्रश्न मागाहून विचारला जातो.

या धंद्यालाही आपापले सच्चिदानंदबाबा होते. छापील सर्किटाची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत पॉल आइस्लर या व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या निर्वासित अभियंत्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत पसरली. १९५७ साली अमेरिकेत बोर्ड बनवणाऱ्यांनी आपली संघटना काढली. तिचे संक्षिप्त नाव आयपीसी आणि बोर्डाची आजची बहुतेक मानके त्याच नावाने ओळखली जातात. तेव्हा बोर्डाचा नकाशा अक्षरशः हाताने चिकटवत. पारदर्शक फिल्मवर काळी पट्टी आणि गोल ठिपके, प्रत्यक्षाच्या दुप्पट वा चौपट आकारात, आणि मग त्याचा फोटो काढून आकार कमी करायचा. मूळ प्रत म्हणजे ती एकच फिल्म. उन्हाळ्यात पट्टी सुटली, सरकली, तर मूळच बदलले.

पुढे फोटोप्लॉटर हे यंत्र आले. व्हिएन्नातच जन्मलेल्या आणि नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेस पोहोचलेल्या जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने ते प्रचारात आणले आणि त्याला समजणारी आज्ञावली ‘गर्बर’ याच नावाने रूढ झाली. तिचे पहिले तपशीलवार वर्णन १९८० साली प्रसिद्ध झाले. जगभरचे बोर्ड कारखाने तिच्यावर चालू लागले. मात्र तिच्या जुन्या रूपात एक विलक्षण दोष होता.

ते यंत्र एका चक्रातील छिद्रांमधून फिल्मवर प्रकाश पाडत असे. एक छिद्र बारीक रेघेसाठी, एक जाड रेघेसाठी, एक गोल ठिपक्यासाठी. गर्बर फाइल फक्त एवढेच सांगे की दहाव्या क्रमांकाचे छिद्र घे आणि येथून तेथे जा. दहाव्या क्रमांकाचे छिद्र किती रुंद आहे, हे तिच्यात नसे. ती माहिती वेगळ्या कागदावर, छिद्रांच्या यादीत असे. फाइल एका मार्गाने येई, यादी दुसऱ्या मार्गाने, कधी फॅक्सने. यादी मागच्या बोर्डाची असली, तर फाइल बिनचूक असूनही बोर्ड चुकीचा निघे. जेथे तांब्याची रुंद वाट हवी तेथे केसासारखी रेघ. अर्थ सांगणारी चावी ग्रंथाबाहेर ठेवली, की ग्रंथ शुद्ध असूनही वाचन अशुद्ध होते. १९९८ मध्ये गर्बरच्या विस्तारित रूपाची अधिकृत व्याख्या प्रसिद्ध झाली. त्या रूपात छिद्रांची व्याख्या फाइलच्या आतच असे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या बदलाला फारसे कोणी विचारत नाही, वास्तविक तो मोठा बदल होता.

तरीही थर एका फाइलीत, भोके दुसरीत, बॉम तिसरीत, हे चालूच राहिले. २००४ साली आयपीसीने २५८१ क्रमांकाचे मानक काढले. थर, भोके, जोडण्या, थरांची जाडी, सुट्या भागांची यादी, हे सगळे एकाच फाइलमध्ये. कल्पना उत्तम होती, स्वीकार सावकाश झाला. आजही कितीतरी कारखान्यांना ईमेलने येतो तो एक झिप फोल्डर, आणि त्याच्या नावात ‘फायनल’ हा शब्द किमान दोनदा असतो.

कागद एकत्र नसले तर काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण विमानाचे आहे. एअरबस ए-३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर तारा असतात. मागचा सांगाडा जर्मनीत हॅम्बुर्गला तयार होई, जुळणी फ्रान्समध्ये तुलूझला. ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकाच नावाचे, पण हॅम्बुर्गकडे चौथी आवृत्ती आणि तुलूझकडे पाचवी. एका आवृत्तीतील माहिती दुसरीत नीट उतरत नसे. जुळणीच्या वेळी तारांची जुडगी आखूड पडू लागली, वळणावर पुरेनात. २००६ साली कंपनीला मोठा विलंब जाहीर करावा लागला, शेअर कोसळला आणि वरच्या पदांवरच्या दोघांना जुलैमध्ये राजीनामे द्यावे लागले. पहिले विमान ग्राहकाला मिळाले ऑक्टोबर २००७ मध्ये. दोन्ही ठिकाणचे अभियंते आपापल्या प्रतीप्रमाणे बरोबरच होते. ज्ञानेश्वरीच्या नकलकारांनाही बहुधा तसेच वाटत असावे.

याउलट, दोन आवृत्त्या एकाच वेळी चालवून दाखवण्याचे उदाहरण चाकणच्या रस्त्यावरच पुढे आहे. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला पोहोचले की खोडदची महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि २००१ साली तिचे लोकार्पण झाले. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, एकमेकींपासून जास्तीत जास्त २५ किलोमीटरपर्यंत. आकाशातून येणारी एकच लाट सर्व तबकड्यांवर पडते आणि त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येऊन जुळवले जातात. जुळणी व्हायची तर कोणत्या तबकडीची केबल किती लांब, कोणता ॲम्प्लिफायर कोठे, कोणत्या रूपाचा, हे माहीत असणे भाग आहे. येथे इलेक्ट्रॉनिक्सचा कागद हा उपकरणाचाच भाग आहे.

गेल्या दशकात या दुर्बिणीचे इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ सगळे नवे केले गेले. एका वेळी पाहता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. विशेष हे की दुर्बीण बंद ठेवली नाही. नवी यंत्रणा बसत असताना जुनी चालू होती आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणे घेत होते. म्हणजे काही काळ एकाच तबकडीला जुना पाठ आणि नवा पाठ, दोन्ही होते, आणि दोन्ही खरे होते. एकनाथांच्या पद्धतीत याला जागा नाही, कारण तेथे एकच प्रत सिद्ध असते. भांडारकर संस्थेच्या त्या चौकटीच्या कागदावर मात्र ती आहे.

वाहन उद्योगाने हा प्रश्न नियमांनी बांधायचा प्रयत्न केला आहे. २०१६ साली आलेल्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात, ज्यावाचून या पट्ट्यातील पुरवठादाराला मोठ्या वाहन कंपनीची दारे सहसा उघडत नाहीत, असे म्हटले आहे की ग्राहकाने ड्रॉइंग बदलल्याचे कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत त्या बदलाचा आढावा पूर्ण व्हावा. कागदपत्रे उत्पादन आणि सुटे भाग पुरवण्याची गरज संपल्यावरही आणखी एक कॅलेंडर वर्ष जपून ठेवायची. नियम चांगला आहे. पण दहा दिवसांचे घड्याळ सुरू होते ते कळवल्यानंतर, आणि मरकळ रस्त्यावरच्या २० माणसांच्या शेडमध्ये ते कळवणे नेमके कोणाच्या फोनवर येते, यावर पुष्कळ काही ठरते.

बोर्ड हातात आला तर त्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने ‘रेव्ह’ आणि पुढे एक इंग्रजी अक्षर छापलेले दिसते. ड्रॉइंगची अमेरिकी पद्धत पाळणारे कारखाने या अक्षरांपैकी सहा वापरत नाहीत: आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड. आय हे एकासारखे दिसते, ओ शून्यासारखे, एस पाचासारखे. त्यामुळे अशा बोर्डावर एच नंतर थेट जे येते. मधली आवृत्ती हरवलेली नसते. घाईत वाचणाऱ्याचा डोळा कोठे फसेल, याचा विचार करून ती जागा मुद्दाम सोडलेली असते.